निरोगी नमुना

माझी भाची जीन वाचण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. आमचे हे गेले तेव्हा सोबत म्हणून ती माझ्याकडे राहायला आली आणि राहिलीच. स्वयंपाकात कच्ची, कामात पक्की, आणि एका जागी बसणं ठाऊक नाही.

तिचे वडील झोकांड्या खात चालायचे. "सकाळीच ढोसून आलेत वाटतं," असं लोक म्हणत; त्या माणसाने कधी थेंबाला शिवलं नव्हतं. पुढे हात थरथरू लागले, जीभ जड झाली, आणि पन्नाशीच्या आतच ते गेले. आजाराचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणूनच की काय, एका कुटुंबाचं काम ती जीव तोडून करत होती. त्या घरात आजोबा, बाप आणि लेक, तिघांचीही चाल बिघडलेली. एका जीनवर संशय होता, आणि त्यातलं एक अक्षर तिघांतही बदललेलं सापडलं होतं. आता निरोगी माणसात ते बदललेलं नाही, एवढं दाखवायचं राहिलं होतं. त्यांच्याकडे निरोगी नमुना म्हणून कामावरच्यांचंच रक्त घेतात. भाचीचं तर नेहमीच. "शिक्कामोर्तब झालेली निरोगी आहे मी," असं ती मिरवायची.

त्या दिवशी ती चपला न काढताच आत आली.

"मावशी, ते अक्षर माझ्यातही बदललेलं आहे."

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल."

"ताजं रक्त काढून पुन्हा केलं. तेच आलं."

"म्हणजे काय गं?"

"एक तर या जीनचा आजाराशी संबंध नाही. नाहीतर मी बाबांच्या वाटेवर आहे."

तिच्या मॅडमनी धडधाकट म्हाताऱ्यांचं रक्त गोळा करून तपासायचं ठरवलं. तोवर भाचीने घरात उच्छाद मांडला. फरशीच्या सांध्यावरून पावलाला पाऊल जोडून चालायची, डोळे मिटून नाकाला बोट लावायची, कप भरून घ्यायची आणि चहा हिंदकळतो का ते बघत बसायची.

"सर्कशीत भरती व्हायचंय का?" मी विचारलं.

"पडले तर झेलायला तू आहेसच."

शेवटी तिचा फोन आला. "मावशी, आमच्या शिपायाच्या आईतही तेच अक्षर बदललंय. ऐंशी उलटली, अजून दोन जिने चढते. आणखीही बऱ्याच जणांत सापडलं. त्याने काही होत नाही."

"मग आवाज असा का?"

"इथे सगळे डोक्याला हात लावून बसलेत, सगळी मेहनत पाण्यात गेली. आणि मला हसू आवरेना, म्हणून जिन्यात आले. तेवढ्यात त्या घरातल्या लेकीचा फोन. ‘ताई, सापडलं का?’"

"काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं. ‘बरं’ म्हणाली आणि ठेवला."

संध्याकाळी ती पुन्हा फरशीच्या सांध्यावर.

"आता कशाला? सुटलीस ना?"

"या जीनमधून सुटले. बाबांना काय झालं होतं ते कुठे कळलंय?" ती वळली. "सोमवारी दुसरा जीन घेतोय. निरोगी म्हणून माझं रक्त नको, असं सांगितलंय मॅडमना. तुझं चालेल."

"या वयात?"

"म्हणूनच. या वयातही सरळ चालतेस."

सोमवारी तिच्या टेबलापाशी मी बाही वर केली. सुई शिरेजवळ आणून ती क्षणभर थांबली. दोघीही तिच्या हाताकडेच बघत होतो. हात स्थिर होता. मग तिने सुई टोचली.