पाव्हण्यानं सांधलेला ताणा

मला बघायला आलेला चौथा मुलगा निपाणीहून आलता, आणि नेमका त्याच दिवशी वडगावच्या आमच्या घरात हातमागावर नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवायचे होते. आधीच्या तिघांना मी नको म्हटलेलं. तिघांचं एकच तुणतुणं, लग्नानंतर माग बंद! ह्यालाही नकोच म्हणणार, असं सकाळीच आईला सांगून टाकलं होतं.

माझे वडील, आप्पा, म्हणाले, "लगीन जमंल न जमंल, माग थांबून चालायचं न्हाय. तिथंच बसून बोला."

झालं! जुन्या ताण्याच्या एकेका टोकाला नव्याचं टोक पिळून जोडायचं, अशी हजारो टोकं. समोर पाहुणा, इस्त्रीच्या शर्टात, कॉलेजात इंग्रजी शिकवणारा. पीळ देताना बोटं घसरू नयेत म्हणून मी राखेची वाटी पुढं सरकवली. त्यानं बोटांना राख लावली, माझं बघून दहा-पंधरा टोकं जोडली आणि एकदम ओरडला, "अहो, हे तर कंजंक्शन!"

मग काय, गाडी जी सुटली! म्हणे अँड, बट, ऑर असल्या शब्दांना ग्रीक पंडित सिंडेस्मॉस म्हणायचे. सिन म्हणजे एकत्र, डेस्मॉस म्हणजे बंध. लॅटिनवाल्यांनी तेच आपल्या बोलीत आणलं, कोन म्हणजे सोबत, युंगेरे म्हणजे जोडणं, त्यातूनच हे कंजंक्शन. आणि हे युंगेरे म्हणे बैलाच्या मानेवरच्या आपल्या जू शब्दाच्या भावकीतलं! शाळेत बाईंनी हे अँड, बट, ऑर छडी घेऊन पाठ करून घेतलेले, पण त्यांच्या नावात माझंच रोजचं काम बसलंय हे कुणी सांगितलं नव्हतं. मी खुळ्यागत हसत सुटले.

आप्पांनी विचारलं, "म्हंजी त्या लोकांच्यात बी माग व्हते व्हय?"

"व्हते की, आप्पा," तो म्हणाला. मग हळूच माझ्याकडं वळला. "आमच्या घरात बाजूची खोली रिकामी आहे. मागाला पुरेल का, तुम्हीच सांगा."

अगं बाई! माझी बोटंच थांबली. इतका आनंद झाला की धागा कुठला आणि टोक कुठलं, काही दिसेना.

आमच्यात होकार आठ दिवसांनी कळवतात. आठ दिवस कसे काढायचे? तो चहाला बाहेर गेला तशी मी त्यानं जोडलेली टोकं ओढून पाहिली. घट्ट होती मेली. दहा-बारा कचाकचा तोडली आणि हाक मारली, "आप्पा, पाव्हण्यांचं काम लईच कच्चं हाय. उद्या परत बोलवा."