कुंकवाने चिकटलेली पानं

ती घटना आजही आठवते, आणि तिच्यातला आरोपी कोण, हे आजही मला एका दमात सांगता येत नाही. चोऱ्या, मारामाऱ्या, गेवराईकडची वाळूची भांडणं, नोकरीत सगळं निस्तरलं. तिथं निदान समोरचा खोटं बोलतोय एवढं तरी कळायचं. इथं जो तो खरं बोलत होता, आणि गॅलरी मात्र पडली होती.

मी तेव्हा पाटोद्याच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना फोन आला. नाव सांगायला तयार नाही. "साहेब, त्या नव्या इमारतीची सळई खाल्ली बघा. विंजिनेर सामील हाय." इमारत मला माहीत होती. आदल्याच दिवशी सेंट्रिंगच्या आधाराच्या फळ्या काढताना वरची गॅलरी कोसळली होती आणि एक मजूर बाई पाय मोडून दवाखान्यात पडली होती. काम तपासून पास करणारा कनिष्ठ अभियंता नुकताच नोकरीला लागलेला, मेंढपाळाच्या घरातला पहिला नोकरदार. मी त्याला बोलावून घेतलं.

त्याच्या मागोमाग बाप आला, खांद्यावर घोंगडी टाकून. दारातच म्हणाला, "साहेब, लेकरू लबाड निघालं तर ठिवा आत. म्या सोडवाया येनार न्हाई. पर आदी नीट बगा."

पोराला मी विचारलं, "काय घेतलं ठेकेदाराकडून?"

"च्यासुदीक न्हाई साहेब."

"मग गॅलरी पडली कावून?"

"तेच कळंना बघा. पुस्तकात हाय तसंच केलंय म्या." असं म्हणून त्यानं पिशवीतून बांधकामाच्या नियमांचं पुस्तक काढलं. रंगीत कव्हर, जाड बांधणी, नवं कोरं. "ओरिजिनलच मागून घेतलं होतं साहेब, पूर्ण किमतीला."

असल्या बोलण्याला भुलायचं नसतं. पंचनाम्यात राडारोड्यातली सळई मोजली. पोरानं पुस्तकावरून काढलेल्या नकाशाप्रमाणे भरली. मी हवालदारावर खेकसलो, "पुन्हा मोज बे!" पुन्हा मोजली, पुन्हा भरली. सिमेंटातही काही वावगं निघालं नाही. म्हणजे कुणी काही खाल्लंच नव्हतं! माझं डोकं चालेना.

बांधकाम शिकवणारे एक प्राध्यापक ओळखीचे होते. त्यांना पोराचं पुस्तक दाखवलं. त्यांनी स्वतःची प्रत शेजारी उघडून ठेवली. कव्हर तेच, साल तेच. म्हणाले, "गॅलरीची सळई मागच्या स्लॅबमध्ये खोलवर न्यावी लागते, तेव्हा ती वजन धरते. तुमच्या पुस्तकात ती लांबी निम्मीही नाही. तक्ता गॅलरीचा, आकडे भलत्याच तक्त्याचे. पानांचे नंबरही कातरताना गेलेत."

म्हणजे पुस्तक नकली. पण नकली नोट छापणाऱ्याला काही मिळतं तरी; एक तक्ता बिघडवून कुणाचं भलं होणार? रात्रभर हाच किडा डोक्यात वळवळत राहिला.

पुस्तक विकणारा झेरॉक्सवाला स्टँडजवळच होता. पोराला सोबत घेऊन गेलो. झेरॉक्सवाल्याला फार ताणावं लागलं नाही, लगेच बोलला. "अस्सल मागवायला लई दिवस लागत्यात साहेब. गिऱ्हाईक थांबत न्हाई. म्हणून छापून, बांधून, ओरिजिनल म्हणून दिलं. ते चुकलं, कबूल. पर एक आकडा बदलला असंल तर लेकरांची आन!" मूळ प्रत त्यानं गावातल्या एका जुन्या ठेकेदाराकडून आणली होती.

झेरॉक्सवाल्यालाही सोबत घेऊन आम्ही त्या ठेकेदाराच्या घरी गेलो. पुस्तक कुठं असावं? देवघरात, लाल फडक्यात! आम्हाला चपला बाहेर काढायला लावल्या. म्हातारा अभिमानानं सांगू लागला, "ह्या भागात अस्सल पुस्तक पैलं म्या आणलं. दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा असती, तवा थापी, ओळंबा आन् हे, एका पाटावर मांडतो. हळदकुंकू वाहतो, नारळाचं पाणी शिंपडतो."

मी पुस्तक चाळायला लागलो. मधेच एक पान बोटाला जाड लागलं. कडेला कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. मी नख घालताच म्हाताऱ्यानं हात धरला. "फाडू नका साहेब, पाप लागंल!" त्याची बायको आतून आली, "सरा बाजूला" म्हणाली आणि चहाच्या आधणाच्या वाफेवर धरून तिनं पानं अलगद सोडवली. आतली दोन पानं जशी छापली तशी स्वच्छ होती. गॅलरीचे खरे आकडे तिथं होते. झेरॉक्सवाल्यानं दोन पानं एक समजून उलटली होती, म्हणून गॅलरीच्या मथळ्याखाली पुढच्या तक्त्याचे आकडे आले होते.

"अहो, हे कधी उघडून बघितलं नाही?"

"देवाला कुनी उघडून बघतंय का साहेब? काम तर आमच्या हातात बसलंय."

माझा पारा चढला. "अहो, देव नाही हे, पुस्तक आहे!" म्हातारा मटकन खाली बसला.

पोरावरचा आळ गेला होता, पण तो पांढराफटक पडला होता. झेरॉक्सवाल्याकडे वळून म्हणाला, "आनखी कुनाला इकलं?" त्याला एक गिऱ्हाईक आठवलं, शेजारच्या गावात नुकतीच शाळेची माडी बांधलेलं.

तशीच जीप तिकडे वळवली. मधली सुट्टी होती. वरच्या गॅलरीत पोरं कठड्याला रेलून खाली खडे टाकत होती. जीप थांबायच्या आत आमच्या अभियंत्या पोरानं उडी मारली आणि बेंबीच्या देठापासून ओरडत सुटला, "खाली या! समदी खाली या!" मुख्याध्यापक चिडले, त्यांना वाटलं पोलिसांनी काहीतरी खूळ काढलं. पण भिंतीलगत फरशीवर तडा होता, आमच्या बोटाएवढा. पुढे ती गॅलरी पाडली तेव्हा मातीतून मुळा उपटावा तशा सळया निघाल्या.

झेरॉक्सवाल्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. म्हाताऱ्या ठेकेदाराला साक्षीदार केलं. पोराला अटक केली नाही. वरिष्ठांना तसा अहवाल दिला. आम्हा पोलिसांना खोटं पकडायचं शिकवतात. पण अस्सल वस्तू घरात आणून तिची पूजा करणारा, आणि अस्सल म्हणून मिळालेल्यावर डोळे मिटून विश्वास टाकणारा, या दोघांचं काय करायचं, ते शिकवत नाहीत. दोघांच्याही मनात पाप नव्हतं आणि दोघांच्याही पायी माणसं मरता मरता वाचली. एवढंच मी त्या केसमधून शिकलो, की मन साफ असणं पुरत नाही, उघडून बघावं लागतं.

काही दिवसांनी बाप ठाण्यात आला. मी खुर्ची दिली, चहा मागवला, म्हणालो, "बाबा, तुमचं लेकरू निर्दोष आहे. मी लिहून दिलंय."

त्यानं चहाला हात लावला नाही. "ते कळलं साहेब. पर मंग त्येला झोप कावून लागंना?"