भूल चढेपर्यंत

मी वाचायला शिकले ती वडिलांनी वाटून उरलेल्या पत्रकांवर. त्यामुळे छापलंय ते खरं आणि खरं ते करायचंच, अशी माझी सरळ समजूत होती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकला कॉलेजात असताना पंचवटीतल्या एका सभेत एक पत्रक मिळालं: जनावरांच्या शिंगांचे कोंब डागण्याआधी भुलीचं इंजेक्शन द्या. सुट्टीत ते घेऊन मी देवळ्याजवळ काकांच्या मळ्यात गेले. गोठ्यात महिन्याभराच्या दोन संकरित कालवडी होत्या. मोठेपणी गायी एकमेकींना शिंगं मारतात, म्हणून कोवळे कोंब तापल्या लोखंडानं जाळायचे, ही तिथली रीत.

"दोन मिनिटांचं काम हाय," काका म्हणाले. "आमचे कान टोचले तेव्हा कुणी भूल दिली नाय."

"दिली असती तर नको म्हणाला असता का?"

डागायला बोलावलेले गुरांचे डॉक्टर हसले. "बाटली आहे माझ्याकडे. कुणी मागतच नाही."

त्यांनी पहिल्या कालवडीच्या डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना सुई टोचली. तोवर गोवऱ्यांच्या विस्तवात लोखंड लाल झालं होतं. काकांकडे कामाची वेळ लोखंडच ठरवायचं. लाल झालं की निवू द्यायचं नाही. मीच ते उचलून डॉक्टरांच्या हातात दिलं. डाग बसताच कालवड अशी हंबरली की काकू घरातून धावत आल्या.

"सुईचंबी दुखलं अन् डागाचंबी," काका म्हणाले. "पत्रकानं दुप्पट केलं की गं, पोरी. दुसरीला सुई नको."

"चूक माझी," डॉक्टर म्हणाले. "औषध चढायला दहा मिनिटं तरी लागतात. लोखंड पुढं आलं आणि मी घेतलं."

पत्रकात हे नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मी काकांना म्हटलं, हिला सुई देऊन एकदा थांबून बघा. हीसुद्धा ओरडली तर या विषयावर परत बोलणार नाही.

"अन् तोवर करायचं काय?"

"चहा घ्या," काकू म्हणाल्या. "एरवी कोणतं काम चहाआधी करता तुम्ही?"

दुसरीला सुई दिली. चहा झाला. डॉक्टरांनी कोंबाजवळ टोचून पाहिलं. तिचा कानही हलला नाही. मग लोखंड टेकवलं. केस जळाल्याचा वास आला, धूर निघाला, ती जागच्या जागी उभी राहिली. काका तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"पुढल्या खेपेला आधी चहा ठेवा," एवढंच म्हणाले.

पहिलीलाही औषध चढलंच असणार, डाग बसल्यावर. मी दुधाची बादली घेऊन गेले की आठवडाभर ती मागे सरायची. काकूंच्या हातून प्यायची.