दोन काकू

दारातून "काकू!" अशी हाक आली की आमच्या अंगणात दोघी जणी ओ द्यायच्या. एक मी, खरीखुरी काकू. दुसरी माझी थोरली जाऊ किमलुआन. ती हाक मारणाऱ्या बुनहेंगची सख्खी आई.

दक्षिण चीनमधल्या आमच्या चाओचौकडे यात कुणाला नवल वाटत नाही. किमलुआनची आधीची पोरं पाळण्यातच गेली होती. बुनहेंग झाला तेव्हा सासूबाईंनी आंधळ्या ज्योतिष्याला बोलावलं. तो म्हणाला, "हिचं आणि पोराचं नशीब जुळत नाही. आई म्हणाला की गेलाच समजा. काकू म्हणू दे त्याला." झालं! बुनहेंगच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो काकू, आणि तोही जावेनंच शिकवलेला. पोराला मांडीवर घ्यायची, स्वतःच्या छातीवर बोट ठेवायची आणि म्हणायची, "काकू... म्हण, काकू..." मी चुलीपाशी बसून ऐकायचे. मला तिचा रागही यायचा आणि रडूही.

पोरगा जगला. चांगला धट्टाकट्टा झाला, चिनी मातीच्या भट्टीवर कामाला लागला. लग्न झालं, तर बायकोही सासूला काकूच म्हणू लागली. किमलुआन काही गरीब गाय नव्हती. मासे शिळे निघाले तर मासेवालीच्या सात पिढ्या उद्धरून यायची. पण नात शाळेतून आल्या आल्या "आई!" म्हणून आपल्या आईच्या गळ्यात पडली, की भाजी निवडणारे जावेचे हात थांबायचे. मग पुन्हा चालू व्हायचे.

गेल्या वर्षी विद्यापीठातली एक मुलगी गावात आली. कोणत्या घरात कोणाला काय म्हणून हाक मारतात आणि का, याचा तिचा अभ्यास चालला होता. मला हसूच आलं. म्हटलं, यालाही अभ्यास लागतो? मुलगी मात्र गोड होती.

"आजी, मुलगा काकू म्हणतो त्याचं वाईट नाही वाटत?" तिनं जावेला विचारलं.

"वाटायचंय काय त्यात? दोन वेळ नीट जेवतोय ना? चहा घे, गार होतोय."

"एकदा तरी आई म्हणावं, असं नाही वाटलं कधी?"

जावेनं इवल्याशा पेल्यांत पुन्हा चहा ओतला. "झोपेत म्हणतो की तो मला," ती म्हणाली. "झोपेतलं काही धरत नाहीत."

बुनहेंग कामावरून येऊन दारातच उभा होता. त्यानं ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेज प्यायला बसला. खाली मान घालून म्हणाला, "आई, जरा खारवलेला मुळा दे."

किमलुआननं हातातली पळी टाकली आणि त्याचं तोंडच दाबून धरलं. पेज सगळी अंगावर सांडली.

"कोणाला म्हणतोस? इथं कोणी आई नाही! थुंक! थुंक आधी!"

डोक्याचे केस पिकलेला तो बाप्या अंगणात जाऊन थुंकला.

"काकू म्हण."

"काकू."

"मोठ्यानं म्हण, वरपर्यंत जाऊ दे!"

"काकू!" तो ओरडला. त्याचा आवाज फाटला. सवयीनं मी माझ्या दारातून ओ दिली.

त्या थंडीत जाऊ अंथरुणाला खिळली. पोटात पाणी झालं होतं. आणि बाईसाहेब खूश! मला जवळ बोलावून म्हणाली, "बघितलंस? त्याच्यावरचं माझ्यावर आलं. सुटला बाई माझा पोरगा."

"अगं वेडे, डॉक्टर म्हणतात दुखणं फार जुनं आहे."

"डॉक्टरला काय कळतंय यातलं!"

 तिची समजूत घालणं मला जमलं नाही. बुनहेंगची तर त्याहून नाही. आपल्या एका शब्दानं तिला अंथरुणाला खिळवलं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तो पायाशी बसून राहायचा. हाकच मारायला भ्यायचा. ती तशीच गेली.

क्रियाकर्माच्या दिवशी तिच्या नावानं पान वाढलं. आमच्यात गेलेल्या माणसाला हाक मारून जेवायला बोलावतात आणि लाकडाचे दोन तुकडे जमिनीवर टाकतात. एक उताणा, एक पालथा पडला, तर हाक पोचली. विधी सांगणारे पुजारी बुनहेंगला म्हणाले, "आता आई म्हण. आता कसली भीती?"

त्याचे ओठ नुसतेच हलले. मग कसाबसा म्हणाला, "आई, जेवायला ये."

दोन्ही तुकडे पालथे पडले.

"आई, ये ना गं जेवायला."

पुन्हा पालथे. माणसं कुजबुजायला लागली. वाढलेला भात गार होत होता. बुनहेंगनं वळून माझ्याकडे पाहिलं. लहानपणी पडला की असंच बघायचा.  त्यानं तुकडे पुन्हा उचलले.

"काकू," तो म्हणाला, "जेवायला ये."

एक उताणा पडला, एक पालथा.

मी त्याच्या मागेच उभी होते. ओ माझ्या ओठांपर्यंत आली होती. मी बाही तोंडात कोंबली.