अहमदपूरचे शरणप्पा आणि नांदेडचा सर्व्हर

शरणप्पांचा विश्वास फक्त कॅमेऱ्यावर. अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोर स्टुडिओ टाकून तीस वर्षं झाली, तरी गिऱ्हाईक आत आलं की आधी त्याचे हात बघायचे, मग तोंड. गेल्या महिन्यात नवा राऊटर बसवला तेव्हा त्यांनी इंटरनेटवाल्याला बजावलं, "बाहेरचं कुणीबी आत आलं न्हाई पाहिजे." त्यानं तसंच करून दिलं.

लग्नाच्या अल्बमची पानं ते नांदेडला संगमेशच्या लॅबला एफटीपीनं, म्हणजे इंटरनेटवरून थेट लॅबच्या सर्व्हरवर, पाठवत. संगमेश वीस वर्षांचा जिवाभावाचा दोस्त. नव्या राऊटरवरून पहिलाच अल्बम जायचा होता, दामिनी नावाच्या मुलीच्या लग्नाचा. लॉगिन झालं, पण पुढं फोल्डरची यादी काही येईना. चारदा करून बघितलं. चारही वेळा ताटकळत ठेवलं.

शरणप्पांच्या मनात पाल चुकचुकली. संगमेशच्या पुतण्यानं दिवाळीत अहमदपुरातच स्टुडिओ उघडला होता. "अस्सं हाय व्हय!" त्यांना सगळं कळलं, म्हणजे काहीच कळलं नव्हतं. फोनवर त्यांनी संगमेशला अडचण सांगितली, तो "बघतो" म्हणाला, तर त्या 'बघतो'तही त्यांना खोट दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोग्राफरांच्या ग्रुपवर लिहून मोकळे झाले: "संगमेशच्या लॅबला काम देऊ नका. पुतण्यासाठी आपल्याच माणसांचा गळा कापून राहिला."

तासाभरानं लॅबमध्ये काम करणाऱ्या पुनमचा फोन आला.

"काका, लॉगिन हुतंय ना? मग आम्ही कुठं अडवलं? तुमची सेटिंग ॲक्टिव्ह हाय. तुम्ही येऊन निरोप देता, पर यादी द्यायला नि फायली घ्यायला आमचा सर्व्हर उलटा तुमच्या दारी येतो. तुमचा राऊटर त्याला हाकलून देतो. पॅसिव्ह करा, मग दोन्ही वेळा तुम्हीच इकडं याल."

त्यांनी केलं. यादी आली, पानं सरसर जाऊ लागली. शरणप्पांना सकाळचा मेसेज आठवला.

"आन् काका," पुनम म्हणाली, "मालक सकाळीच तुमच्याकडं निघाले. पेनड्राइव्हवर फायली आणतो म्हणले."

त्यांनी मेसेज पुसायला घेतला. पण तोवर सगळ्यांनी वाचला होता.

संगमेश दुपारी आला. दारातच उभा राहिला. "पेनड्राइव्ह दे."

"गेलं रं सगळं. माझ्याकडंच गडबड हुती."

"वाटेत लोह्यात गाडी थांबली तवा ग्रुप वाचला. तिथूनच माघारी जाणार हुतो. पर त्या पोरीचा अल्बम अडकंल म्हणून आलो."

"बस की. च्या सांगतो."

"नगं. गाडी लागलीय."

शरणप्पांना त्याला हाताला धरून बसवावंसं वाटलं, पण लाजेनं हात पुढं केला नाही. तो गेल्यावर त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "संगमेशची काही चूक नव्हती. माझाच राऊटर त्याला अडवत होता. मला माफ कर, संगमेश." सदुसष्ट जणांनी ते वाचलं. संगमेश लोह्यातच ग्रुपमधून बाहेर पडला होता.