एकाच ओळीवर अडलेला कोळी

रेवदंड्याच्या धक्क्यावर होडीची वाट पाहताना, कोणी विचारलं नसतानाही, मी बायबलातला क्षमेवरचा अख्खा अध्याय घडाघडा म्हणून दाखवला. पाठांतराचं चर्चचं बक्षीस होतं ना मला!

शेजारी दातांत सूत धरून जाळं सांधणारा ख्रिस्ती कोळी म्हणाला, "मी दोन महिनं त्यातल्या एकाच ओळीवर हाय, मास्तर."

"पाठ होत नाही?"

"पाठ हाय. पण भावानं हे जाळं कापलं. त्याच्या दारात गेलो की आठवत न्हाय."

होडी आली, कोळीही माझ्यासोबत चढला. होडीत एका बाईच्या टोपलीतलं मासळीचं पाणी माझ्या पांढऱ्या विजारीवर सांडलं. खाडी संपेपर्यंत मी तिला झापलं.

उतरताना कोळी हसला. "मास्तर, तुमचा अख्खा अध्याय वाहून गेला! माझी एकच ओळ, बघतो टिकते का."

मी विजार पुसत होतो, तेव्हा तो पलीकडच्या धक्क्यालगतच्या एका घराच्या दारात उभा राहून भावाला हाक मारत होता.