चौथा डबा

पगाराच्या संध्याकाळी मी चहाच्या रिकाम्या डब्यांत पैसे वाटून ठेवते. एक खोलीभाड्याचा, एक खाण्याचा, एक गावी आईला पाठवायचा. काल चिंगीच्या इंजेक्शनसाठी चौथा मांडला, तर ती कुत्री शेपटी हलवत नेमकी त्यालाच नाक लावून बसली.

खोलीत सोबत राहणारी सुनंदाताई हसली. "अगं, स्वतः चपला शिवून वापरतेस, आणि कुत्रीला इंजेक्शन?"

"हो. पट्टासुद्धा घेणार आहे."

बोलले खरी, पण हिशोब मला ठाऊक होता. कारखान्यात चार खाडे पडले, तर पहिला हाच डबा रिकामा होणार. मी आठवीत शाळा सोडली, तीही अशाच हिशोबाने. ज्याच्यावाचून घराचं अडत नाही, ते आधी कमी करायचं. तेव्हा ते माझं दप्तर होतं.

या परक्या शहरात रोज संध्याकाळी कोपऱ्यावर माझी वाट बघणारी ही एकटीच. त्या उपकारापुढे चार नोटा म्हणजे काय!

"आणि खाडे पडले तर?" ताईने विचारलंच.

चिंगीचा डबा उचलून मी भाड्याच्याही पुढे ठेवला.

"तर माझा चहा बंद. दप्तर एकदा दिलं, आता ही नाही देणार."